टाकीखालचा अस्सलपणा

जुनी बुलेट पुन्हा उभी करणारा माणूस टाकीवरच्या सोनेरी रेघा हातानेच ओढलेल्या हव्यात म्हणून पेंटरकडे हेलपाटे घालतो. एखादा बोल्टही त्या काळचा मिळावा म्हणून जुना बाजार पालथा घालतो. वायरिंगची पाळी आली की मात्र त्याचा हट्ट गळून पडतो. टाकीखालचं कोण बघतंय, दिवा लागला म्हणजे झालं! अस्सलपणाचा अवघड प्रश्न खरं तर इथेच सुरू होतो, कारण इथे जुनी वस्तू आहे तशी जपण्याची सोयच नसते.

साठच्या दशकातल्या वायरीचं आवरण आता वाकवलं की तडकतं. ते शाबूत असलं तरी आतलं तांबं पुष्कळदा काळं पडलेलं असतं आणि त्यावर डाखही नीट धरत नाही. सहा व्होल्टच्या गाडीत हे फार महागात पडतं. 30 वॉटच्या दिव्याला तिथे 5 अँपिअर प्रवाह लागतो. बारा व्होल्टवर अडीचच पुरतो. गंजलेल्या जोडांमध्ये अर्धा व्होल्ट हरवला तर सहाचा बारावा हिस्सा गेला. उजेड मात्र त्याहून कितीतरी वेगाने घटतो, जवळजवळ एक चतुर्थांश. जुन्या गाडीचा दिवा मेणबत्तीसारखा लागतो म्हणतात, त्यात गाडीपेक्षा वायरीचा दोष जास्त असतो. तांब्याच्या बाबतीत सोवळं पाळण्यात अर्थ नाही. ते काढून टाकावं.

जपायची ती रचना. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत रंगांना कामं नेमून दिलेली असत: पांढरी वायर इग्निशनची, निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे अप्पर, निळ्यावर लाल रेघ म्हणजे डिप्पर. गाडी कोणत्या गावात, कोणाच्या हातात उघडली जाईल हे रंग ठरवणाऱ्याला ठाऊक नव्हतं. म्हणूनच त्याने रंग ठरवले. पुढे आपल्याकडे काय झालं? दुकानात लाल वायरीचं भेंडोळं होतं, म्हणून हॉर्न लाल, ब्रेकलाइट लाल, सगळंच लाल. मिस्त्रीला कोणती कुठे जाते ते पाठ होतं. त्याची हुशारी मी नाकारत नाही. भर पावसात घाटात बंद पडलेल्या गाड्या अशाच हातांनी घरी पोचवल्या आहेत. पण त्या दुरुस्तीचं ज्ञान गाडीत उतरलंच नाही. ते मिस्त्रीच्या डोक्यात राहिलं आणि त्याच्याबरोबर गेलं. नवी वायर कुठल्याही कारखान्याची असो, रंग जुन्या नकाशाप्रमाणे असले तर मी ती वायरिंग अस्सल मानतो.

आणि अर्धी वायरिंग तर वायरच नसते. दिव्यातून परतणारा प्रवाह चासीमधून बॅटरीकडे जातो. ब्रिटिश गाड्यांत त्या काळी बहुधा बॅटरीचं धन टोक चासीला जोडत. आजच्या सवयीने ऋण टोक जोडलं तर रेक्टिफायर जळू शकतो. गंमत अशी की हौसेने केलेलं जाड, चकचकीत पावडर कोटिंग हा उत्तम वीजरोधक असतो. गाडी नवरीसारखी सजते आणि इंडिकेटर मात्र लागत नाहीत. मग अर्थच्या जागी कोटिंग घासून उघडं लोखंड काढावं लागतं. त्या वेळी मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

माझा सगळ्यात मोठा आग्रह मात्र अ‍ॅमीटरचा. चावी फिरवून किक हळूहळू दाबली की पॉइंट मिटलेले असताना काटा वजाकडे झुकतो आणि ते उघडले की मध्यावर येतो. तिथे डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, लीव्हर सोडायचा आणि मग किक मारायची. बंद इंजिनात पिस्टन कुठे थांबला आहे, हे हेडलाइटच्या वर बसवलेला एवढासा काटा सांगतो. बुलेट चालवणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या गाडी सुरू करायला अशाच शिकल्या, आणि ते शिक्षण याच वायरींमधून वाहत आलं.

बारा व्होल्ट करायला माझी हरकत नाही. रात्री रस्ता दिसलाच पाहिजे. माझं भांडण आहे ते अ‍ॅमीटर मंडळातून काढून नुसता शोभेला ठेवणाऱ्यांशी. आकड्यांची काच लखलखीत आणि मागे एकही वायर नाही, अशा गाडीला प्रदर्शनात बक्षीसही मिळत असेल. मला मात्र बारा व्होल्टची, नव्या वायरींची, पण काटा हलणारी गाडीच तिच्यापेक्षा जास्त जुनी वाटते.