भिडेची सही

मधली सुट्टी. स्टाफरूममध्ये एक सहकारी कर्जाचा फॉर्म पुढे सरकवतो. ‘फक्त सही हवी, बाकी सगळं मी बघतो.’ समोरचा मास्तर चहाचा कप बाजूला ठेवतो आणि जामीनदाराच्या रकान्यात सही करून मोकळा होतो. रक्कम किती, हप्ते किती वर्षं, हे विचारणं त्याला कोतेपणाचं वाटतं. भीड भिकेची बहीण, ही म्हण तो वर्गात दरवर्षी शिकवतो. त्या क्षणी मात्र ती आठवत नाही.

पुढे कधीतरी हाच मास्तर स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला जातो आणि बँकेचा अधिकारी त्याचा सिबिल अहवाल उघडतो. स्वतःचा एकही हप्ता चुकलेला नाही, पण मित्राचे थकलेले हप्ते त्यात येऊन बसलेले. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. ‘मी त्यातला रुपयाही वापरला नाही’ हे अगदी खरं असतं, आणि तिथे त्याचा काही उपयोग नसतो.

अशा अहवालातला ३०० ते ९०० मधला गुणांचा आकडा हप्त्यांच्या तारखा ओळखतो, कारणं नाही. घरात आजारपण होतं की चैन होती, त्याला कळत नाही. गावचा वाणी निदान ते जाणून असे. (अर्थात त्याच वाण्याला जातही ठाऊक असे, तेव्हा फार हळहळायचं कारण नाही.)

गुण कमी असले की व्याजदर चढू शकतो, आणि तो फरक मात्र रोख पडतो. ४० लाखांचं कर्ज, २० वर्षं, व्याज साडेआठऐवजी नऊ टक्के लागलं, तर हप्ता पावणेतेराशे रुपयांनी वाढतो. मुदतभरात तीन लाखांहून जास्त जातात.

म्हणून अर्जाच्या सहा महिने आधी अहवाल मागवावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, आणि स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुण घटत नाहीत. एकाच आठवड्यात पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले तर घटू शकतात. लाखाची मर्यादा असलेलं कार्ड दरमहा नव्वद हजारांपर्यंत ताणणारा माणूस बिल वेळेवर भरत असला, तरी नोंदीत ओढग्रस्तच दिसतो. चुकीची नोंद असेल तर तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खरी थकबाकी पैसे घेऊन पुसून देतो म्हणणाऱ्या एजंटाला मात्र दारातूनच परत पाठवावं.

‘सेटलमेंट’ची गोष्ट जरा वेगळी. लाखातले साठ हजार भरून सुटलो, असं काहीजण चहाच्या टपरीवर फुशारकीनं सांगतात. अहवालात त्या खात्यापुढे ‘पूर्ण फेडले’ असं येत नाही, ‘तडजोड’ असं येतं. नोकरी गेलेल्या माणसाला ती तडजोड करावीच लागते, त्यात लाज नाही. ऐपत असून केली, तर नोंद आपल्याविरुद्ध बोलते ही तक्रार कशाची?

नोंद कुठवर ऐकायची, यावर न्यायालयांचंही एकमत नाही. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं की, सिबिल कमी एवढ्याच कारणानं विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज नाकारू नये; त्या मुलाची जुनी थकबाकी १६,६६७ रुपयांची होती. मद्रास उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये मात्र अशाच नोंदीवरून बँकेनं रद्द केलेली नेमणूक योग्य ठरवली. इतरांचे पैसे हाताळणाऱ्याकडून शिस्तीची अपेक्षा रास्तच, पण ती नोंद बेफिकिरीची की अडचणीची, हे आधी पाहायला हवं. त्याच वर्षी मे महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असं बँकांना बजावलं. पाऊस हुकला की हप्ता हुकतो, हे आकड्याला कोण सांगणार?

मास्तरापुढे आता एकच सरळ वाट उरते: मित्राची थकबाकी स्वतः भरणं. भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क तोच करार कायदा जामीनदाराला देतो. त्यासाठी मित्राच्या दारात उभं राहून पैसे मागावे लागतात. मास्तर दोनदा त्या गल्लीपर्यंत जाऊन परत आलेला असतो.