जाळे की वाट?



कोकण रेल्वेने गोव्याला जाताना रत्नागिरीजवळ साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. खिडकीबाहेर काळोख दाटतो, पण आपण घाबरत नाही. पलीकडे तोंड आहे, हे ठाऊक असते.

बोगद्याला इंग्रजीत 'टनेल' म्हणतात. जुन्या फ्रेंच भाषेतील ज्या शब्दापासून तो आला, त्याचा अर्थ पिंप. १५ व्या शतकात इंग्रजीत तो पक्षी धरण्याच्या जाळ्याला लावत. तोंड रुंद, पुढे अरुंद, शेवटी बंद! डोंगरातून आरपार जाणारी वाट हा अर्थ फार नंतरचा.

आपल्या आयुष्यातील काळोखही असाच दोन प्रकारचा असतो. दारू, जुगार, सूड ही जाळी. तेथून मागे फिरणे हाच पश्चात्ताप. आजारपण आणि वियोग हे बोगदे. तेथे मागे फिरता येत नाही, एकमेकांचा हात धरून पुढे चालावे लागते.

मग ओळखावे कसे? घरच्यांपासून जे लपवावे लागते, ते बहुधा जाळेच.

पण जाळ्यात अडकलेल्याला 'हा आता संपला' असे आपण म्हणू नये. प्रभूच्या कबरेलाही एकच तोंड होते, तेही धोंड लोटून बंद केलेले. देवाने तेथूनही वाट काढली.