परत गृहस्थाश्रमात

घर सोडून जाण्याच्या वाटा आपल्या शास्त्रांनी नीट आखून दिल्या आहेत. गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ, मग संन्यास. घरी परतायची वाट मात्र कुणी आखलेली नाही. निफाड तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात मी समाजसेविका आहे. ज्यांच्या घरचे न्यायला तयार होतात, त्या आजी-आजोबांना घरी नीट पोचवण्याचं काम माझ्याकडे असतं. एकदा सुटलेल्या घरात माणूस परत कोणत्या नात्यानं जातो, हा प्रश्न मला सोडत नाही.

अशा वेळी मला विठ्ठलपंत आठवतात. ज्ञानदेवांच्या या वडिलांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. मागे पत्नी आहे हे कळल्यावर गुरूंनीच त्यांना आळंदीला परत धाडलं. त्या गुरूंना जे उमगलं, ते ब्रह्मवृंदाला उमगलं नाही. कुटुंब वाळीत पडलं. दोघा नवरा-बायकोंनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं असं चरित्रकार सांगतात, आणि मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठण गाठावं लागलं. आमच्या नांदूर मधमेश्वरवरून वाहणारी गोदावरीही पुढे पैठणलाच जाते. विठ्ठलपंत परतले यात मला काही दोष दिसत नाही. त्यांना घ्यायला गाव तयार नव्हतं. माझं निम्मं काम हे गाव तयार करण्याचंच आहे.

एका आजींचा मुलगा ऐन माघात न्यायला आला. मी थांबवलं. तेव्हा द्राक्षांची काढणी चालू असते, घरातलं झाडून सगळं माणूस बागेत. आजींनी वॉकर धरून रिकाम्या घरात दिवसभर काय करायचं? वर निफाडची थंडी. म्हटलं, एप्रिलची खरड छाटणी उरकली की या. तोवर रेशनकार्डातून कमी झालेलं नाव पुन्हा चढवून घेतलं, श्रावणबाळ योजनेचा पगार गावाजवळच्या बँकेत वळवला, संडासात धरायला दांडा बसवायला लावला, बीपीच्या गोळ्या सुनेला समजावल्या. मग आजींना एकटं गाठून विचारलं, जायचंय का?

"जाईन. पण भाजी मी निवडणार. नुसतं खाटेवर बसवून ठेवायचं असंल तर इथंच बरी."

त्या बोलण्यात मला धर्म दिसला. आई-बापाचं ऋण फेडायचं म्हणतो, तेव्हा आपण सगळं मुलाच्या बाजूनं बोलतो. फेडणारा तो, पुण्य त्याचं. जिला घरी आणायचं तिची इच्छा त्या हिशेबात येतच नाही. गृहस्थाश्रम म्हणजे घरच्या कामात वाटा. तो न देता आणलेलं माणूस पाहुणंच राहतं. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्यानं आई-वडिलांना प्रांताच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. हा हक्क मोठा आहे आणि टाकून दिलेल्यांसाठी मी तो आग्रहानं वापरते. पण मेथीची जुडी आजींच्या पुढ्यात ठेवा, असा हुकूम कुठलं न्यायाधिकरण काढणार?

दुसऱ्या एका आजोबांनी जायला साफ नकार दिला. इथं त्यांना सकाळी हरिपाठाला सोबत मिळाली आहे, घरी बोलायला कुणी नाही. मुलगा गाडी घेऊन आलेला, लोक काय म्हणतील म्हणून रडकुंडीला आलेला. मी त्याला सांगितलं, त्यांना इथं राहू देणं हीसुद्धा तुझी सेवाच आहे, एकादशीला येत जा. संन्यास जसा आपखुशीनं घ्यायचा, तसं परतणंही आपखुशीचंच हवं. ते विचारताना मुलाला खोलीबाहेर बसवावं लागलं, तर मी बसवते.