नासपतीच्या झाडाचा मालक

पाप घडते ते कोणाविरुद्ध? अल्लाहविरुद्ध, असे उत्तर कोणताही श्रद्धावंत देईल, आणि ते खरेच आहे. परंतु चोरी, निंदा, फसवणूक यांसारख्या पापांत आणखी एक पक्ष असतो. कोणाची तरी वस्तू गेलेली असते, कोणाची तरी अब्रू गेलेली असते. पश्चात्ताप करणाऱ्याच्या दुआमध्ये त्या माणसाला जागा असते का? ख्रिस्ती धर्मविचार वाचताना हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला आणि तो ख्रिस्ती लोकांपुरता उरला नाही.

ऑगस्टीन हे पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील सर्वांत प्रभावी धर्मपंडितांपैकी एक. इ.स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थगास्ते या गावी, म्हणजे आजच्या अल्जीरियात, त्यांचा जन्म झाला. पुढे ते हिप्पो शहराचे बिशप झाले. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी ‘कन्फेशन्स’ हे आत्मनिवेदन लॅटिन भाषेत लिहिले. त्यात सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीची हकिगत आहे. रात्री मित्रांच्या टोळक्यासह त्यांनी शेजारच्या नासपतीच्या झाडावरची फळे पाडून नेली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. थोडी चाखली आणि बाकीची डुकरांपुढे टाकली. मग चोरी केली कशासाठी? ऑगस्टीन स्वतःला सोडत नाहीत. चुकीचे करण्यातच मजा वाटत होती आणि एकटा असतो तर ते केलेच नसते, अशी कबुली ते देतात. मोहाचे इतके निर्दय परीक्षण क्वचितच वाचायला मिळते. सोबतीच्या भरात माणूस काय करून बसतो, हे ज्यांच्या घरात सोळा वर्षांचा मुलगा आहे त्यांना सांगायला नको.

मनात मोह येणे हे पाप नव्हे, येथपर्यंत दोन्ही धर्म बरोबर चालतात. हजरत ईसा (अ.स.) यांनाही रानात चाळीस दिवस सैतानाने मोहात पाडण्याचा प्रयत्न केला, असे ख्रिस्ती मानतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार मनात आलेला वसवसा जोवर उच्चारात वा कृतीत उतरत नाही, तोवर त्याची पकड होत नाही. वाट फुटते ती पुढे. ऑगस्टीन यांच्या मते हजरत आदम (अ.स.) यांचे पाप साऱ्या मानवजातीला वारशाने मिळाले आणि नवजात बालकही त्यातून सुटत नाही. पेलाजियस यांनी हे नाकारले. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मपरिषदेने पेलाजियस यांच्या मताचा निषेध केला. सर्व ख्रिस्ती लोक मात्र ऑगस्टीन यांच्या बाजूचे नाहीत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा आदमपासून मृत्यू आणि दुर्बलता आल्याचे मानते, अपराध वारशाने आल्याचे मानत नाही. कुरआनात आदम (अ.स.) आणि हव्वा दोघेही चुकतात, दोघेही क्षमा मागतात आणि ती मिळते. तो हिशेब तेथेच मिटला. कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हे तत्त्व त्यातूनच येते; म्हणून क्रूसावरील प्रायश्चित्ताची कल्पना आपण स्वीकारत नाही.

इतके लिहून मी थांबलो असतो, तर लेख सोपा झाला असता. नासपतीच्या हकिगतीत मला एक उणीव सापडली होती. ऑगस्टीन अल्लाहपुढे रडतात, स्वतःचे अंतःकरण उलगडतात, पण झाडाच्या मालकाला त्यात नावसुद्धा नाही. त्याची भरपाई झाली का, याचा विचारही नाही. इस्लामने येथे हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, वेगळे काढले आहेत. इमाम नववी यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये तौबाच्या तीन अटी सांगितल्या: पाप सोडणे, पश्चात्ताप होणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे. माणसाचा हक्क बुडवला असेल, तर तो परत करणे ही चौथी. हा मुद्दा मी मोठ्या समाधानाने टिपून ठेवला.

नंतर ऑगस्टीन यांचे मॅसेडोनियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याला लिहिलेले पत्र वाचनात आले. त्यात ते स्पष्ट सांगतात की, परत करता येण्यासारखी वस्तू परत न करता केलेला पश्चात्ताप हे सोंग आहे. घेतलेले परत केल्याखेरीज पापाची क्षमा नाही. हे मत पुढे चर्चच्या कायद्यात रुजले. मत्तयच्या शुभवर्तमानातही वेदीपाशी अर्पण ठेवून आधी दुखावलेल्या भावाशी समेट करण्यास सांगितले आहे. माझे समाधान तेथेच ओसरले. दुसऱ्याच्या ग्रंथातील उणीव शोधणाऱ्याला आपल्या घरातील झाड दिसले नव्हते.

दादांचे तीन एकर शेत होते. दादी आधीच वारल्या होत्या. वारस दोनच, अब्बा आणि फुफी. कुरआनच्या हिशेबाने एक एकर फुफीचे. अब्बांनी हक्कसोडपत्र पुढे केले आणि फुफीने सही केली. राजीखुशीने हक्क सोडता येतो, हे फिक्हला मान्य आहे. पण सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती जिच्या मनात आहे तिची राजीखुशी किती मानावी? बदल्यात तिला एक साडी मिळाली. अब्बा नमाज-रोजाचे पक्के होते. हजला निघताना ते घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ करना’ म्हणाले. फुफीकडेही गेले. तिने डोळे पुसून माफ केल्याचे सांगितले. शेताचा शब्द कोणीच काढला नाही. मी त्या खोलीत होतो.

अब्बांचा मी एकुलता एक. आज सातबाऱ्यावर माझे नाव आहे. फुफी गेली, हक्क आता तिच्या मुलांचा. शबे बरातला मोबाइलवर ‘कळत-नकळत दुखावले असेल तर माफ करा’ असे संदेश मीही दरवर्षी शंभर लोकांना पाठवत आलो. त्यात फुफीच्या मुलांची नावेही असत.

गेल्या महिन्यात थोरल्या आतेभावाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “भाईजान, अम्मी असताना बोलला असतात, तर तिला बरे वाटले असते.” वकिलांनी एक एकराचा कागद तयार केला आहे. हक्कसोडपत्र नोंदलेले असल्यामुळे आता जमीन द्यायची तर बक्षीसपत्रच करावे लागेल, असे ते म्हणतात. त्या शब्दावर माझे बोट अडले. तिचेच तिच्या मुलांना द्यायचे आणि वर माझ्या नावापुढे लिहायचे ‘बक्षीस देणार’! दुसरा शब्द बसतो का, ते वकिलांना पुन्हा विचारले आहे.