लोकांपर्यंत नेणे : ‘डायव्हल्ज’ या क्रियापदाची नीती

एखादी गोष्ट उघड करणे या अर्थाची अनेक क्रियापदे इंग्रजीत आहेत आणि कोशांत ती एकमेकांचे पर्याय म्हणून दिली जातात. त्यांच्या व्युत्पत्ती मात्र एकाच दिशेला नेत नाहीत. ‘रिव्हील’च्या मुळाशी ‘वेलुम’ म्हणजे पडदा आहे. ‘डिस्क्लोज’च्या मुळाशी ‘क्लाउदेरे’ म्हणजे बंद करणे हे क्रियापद आहे. ही दोन्ही रूपके वस्तूच्या स्थितीविषयी बोलतात. जे झाकलेले किंवा मिटलेले होते, ते आता तसे राहिलेले नाही, एवढेच ती सांगतात. ‘डायव्हल्ज’ची घडण वेगळी आहे. लॅटिन ‘दिवुल्गारे’ या रूपात पांगणे, विखुरणे सुचवणारा उपसर्ग आहे आणि पुढे ‘वुल्गुस’ म्हणजे सामान्यजन, समुदाय. लोकांत पसरवणे, सर्वांचे करणे हा त्याचा मूळ अर्थ होय. प्रकटीकरणाची क्रिया ग्रहण करणाऱ्याच्या अंगाने पाहणारे हे क्रियापद असल्यामुळे, उघड करण्याच्या नीतीचा प्रश्नही ते निराळ्या रीतीने उपस्थित करते.

हे क्रियापद पंधराव्या शतकात इंग्रजीत आले तेव्हा जाहीर करणे, सर्वत्र पोहोचवणे असा त्याचा व्यापक अर्थ होता. जे पोहोचवायचे ते गुप्तच असले पाहिजे अशी अट त्यात नव्हती. १६०० च्या सुमारास गुप्त किंवा खासगी गोष्ट सांगून टाकणे हा अर्थ पुढे आला आणि आधीचा मागे पडला. अर्थसंकोचाचे हे ठळक उदाहरण आहे. आज एकाच व्यक्तीच्या कानात सांगितलेल्या गुपितालाही हे क्रियापद लागू पडते. म्हणजे व्युत्पत्तीतील समुदाय गळून गेला आणि व्युत्पत्तीत नसलेले गुपित अर्थाच्या केंद्रस्थानी आले. त्याच कुळातील ‘व्हल्गर’ हे विशेषण सामान्य, लोकभाषेतील या अर्थाकडून असभ्य या अर्थाकडे घसरले. संस्कृत काव्यशास्त्रात ‘ग्राम्य’ हा शब्द दोषवाचक ठरला, त्याची येथे आठवण व्हावी. यातील एक बदल दुसऱ्याचे कारण होता असे म्हणण्याची गरज नाही. परंतु अनेकांच्या हाती गेलेली वस्तू उणावते, हा ग्रह या शब्दांच्या इतिहासाला शेजारी ठेवून वाचता येतो.

या ग्रहाची तपासणी करण्यास बायबलच्या भाषांतराचा इतिहास उपयोगी पडतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने हाती घेतलेले लॅटिन भाषांतर पुढे ‘व्हल्गेट’ म्हणजे लोकप्रचलित या नावाने ओळखले गेले. काळाच्या ओघात लॅटिन ही सामान्यजनांची भाषा उरली नाही आणि लोकांचे म्हणून नाव मिळालेला पाठ लोकांनाच अगम्य झाला. विल्यम टिंडलचा इंग्रजी नवा करार १५२६ मध्ये छापून झाला. १५३६ मध्ये पाखंडाच्या आरोपाखाली त्याला देहदंड झाला. टिंडलने कोणते गुपित फोडले होते? तो मजकूर चर्चमध्ये उघडपणे वाचला जात होता. झाकण मजकुरावर नव्हते, ते भाषेत होते. ‘रिव्हील’च्या रूपकाने या कृतीचे वर्णन नीट होत नाही, ‘डायव्हल्ज’च्या जुन्या अर्थाने ते अचूक होते.

महानुभाव पंथाच्या इतिहासात हाच पेच उलट क्रमाने दिसतो. संस्कृतातील रचना साध्याभोळ्या अनुयायांना दुरावतील, म्हणून या पंथाने मराठीचा आग्रह धरला. त्याच पंथाचे ग्रंथ पुढे सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंद झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला दुर्बोध राहिले. भाषा अनेकांची, लिपी मोजक्यांची, अशी ही रचना होती. तिच्यामागे पावित्र्य आणि पाठशुद्धी जपण्याची भावना असणे समजू शकते. तरीही जे ज्यांच्यासाठी सांगितले गेले ते त्यांच्यापर्यंत पोहोचू देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न शिल्लक राहतो.

येथे एक निकष सुचतो. उघड झालेल्या गोष्टीचे योग्यायोग्य ठरवताना ती किती खोल दडवली होती, यापेक्षा ज्यांच्यापर्यंत ती गेली त्यांचा तिच्याशी संबंध काय, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. डॅनियल एल्सबर्गने व्हिएतनाम युद्धाविषयीची अमेरिकी शासनाची गोपनीय कागदपत्रे वृत्तपत्रांकडे सोपवली आणि ती १९७१ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. ज्या नागरिकांच्या नावाने युद्ध चालले होते आणि ज्यांची मुले त्यात मरत होती, ते त्या कागदपत्रांतील व्यवहाराचे पक्षकार होते. त्यांना त्रयस्थ म्हणता येत नाही. याउलट एखाद्या व्यक्तीचे दुःख चव्हाट्यावर मांडले जाते तेव्हा समुदाय केवळ प्रेक्षक असतो. मराठीतील हा वाक्प्रचार ‘वुल्गुस’च्या सर्वांत जवळ जातो. चार वाटा मिळतात ती जागा त्यात शिल्लक आहे, आणि तेथे जमणाऱ्यांविषयीची नापसंतीही. ‘बिंग फुटणे’, ‘गौप्यस्फोट’ यांत मात्र फुटणारी वस्तू आहे, लोक नाहीत.

साहित्यव्यवहारात हा निकष सहजासहजी लागू होत नाही. फ्रान्झ काफ्का १९२४ मध्ये वारला. आपले अप्रकाशित लेखन न वाचता जाळून टाकावे, अशी त्याची सूचना माक्स ब्रोडने पाळली नाही आणि १९२५ मध्ये ‘द ट्रायल’ प्रसिद्ध केली. कादंबरी हा प्रकारच अनामिक वाचकाला उद्देशून असतो, म्हणून समुदाय तिचा संभाव्य वारस ठरतो, असे ब्रोडच्या बाजूने म्हणता येईल. या युक्तिवादाने लेखकाची स्पष्ट इच्छा रद्द होत नाही. तिच्याविरुद्ध एक दावा उभा राहतो, इतकेच. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिलेनाला लिहिलेल्या पत्रांबाबत हा दावाही दुबळा होतो. पत्राचा ग्रहणकर्ता त्याच्या मायन्यातच नोंदलेला असतो. ती पत्रे वाङ्मयीन दृष्ट्या कितीही श्रेष्ठ असली, तरी समुदायाला तेथे स्वतःचे असे स्थान नाही.

समीक्षक आणि संशोधक स्वतःला या समुदायात धरत नाहीत. कवीची खासगी पत्रे, रोजनिशी, खोडलेल्या ओळी हाती आल्या की त्यांना ‘साधने’ म्हटले जाते, आणि या एका शब्दाने वाचनाचा अधिकार जणू आपोआप सिद्ध होतो. अभ्यासकाची नजर शिस्तीची असेल. परंतु तो ज्या नियतकालिकात मजकूर छापतो ते चार वाटांवरच उभे असते. म्हणून नव्या साधनाचे मोल ठरवण्यापूर्वी ते कोणाला उद्देशून लिहिले होते, हे पाहणे संशोधनपद्धतीचाच भाग मानले पाहिजे. उत्तर नेहमी नकाराचे येईल असे नाही. टिंडलच्या उदाहरणात लोकांपर्यंत नेणे हेच न्याय्य होते. मिलेनाच्या पत्रांबाबत मात्र प्रकाशनाचे समर्थन करणाऱ्याला त्यांच्या वाङ्मयीन मोलापलीकडचे कारण द्यावे लागेल.