दोन मोळ्यांचं दूध

हातकणंगल्याहून वडगावकडे जाताना गेल्या आठवड्यात रस्त्याकडेच्या एका शेतात ऊसतोड चालू होती. बीडकडची टोळी. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी आणि झोळीत चार महिन्यांचं लेकरू. ते रडू लागलं तशी आईनं कोयता खाली ठेवला. लगेच झोळीकडे गेली नाही. आधी बाटलीतल्या पाण्यानं हात कोपरापर्यंत धुतले. पाल्याची कुसळं लेकराच्या अंगाला लागली की ते रात्रभर झोपत नाही, म्हणाली. मग ट्रॉलीच्या सावलीत बसून पदराआड पाजायला घेतलं. किती वेळ लागतो, असं मी विचारलं. तिनं मिनिटं सांगितली नाहीत.

"दोन मोळ्या जातात बघा ताई, एका बारीला."

हे वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यातून जात नाही. आईनं बाळाला अंगावर पाजावं म्हणून तिला पैसे द्यावेत का, हा प्रश्न जगात बऱ्याच ठिकाणी विचारला गेला आहे. इंग्लंडमध्ये साउथ यॉर्कशायर, डर्बीशायर या भागांत 2013 पासून तसा प्रयोग झाला. पाजणाऱ्या आईला दुकानात चालणारी 40 पौंडांची व्हाउचर, सहा महिन्यांत पाच वेळा, म्हणजे एकूण 200 पौंड. बाळ अंगावर पितं आहे असं आईनं आणि सुईणीनं किंवा आरोग्यसेविकेनं सही करून द्यायचं. त्याचा निष्कर्ष 2017 मध्ये आला: सहा ते आठ आठवड्यांच्या बाळांत जिथे व्हाउचर नव्हती तिथे 31.7 टक्के बाळं अंगावर पीत होती, जिथे होती तिथे 37.9 टक्के. फरक पडला, पण थोडा.

आपल्याकडे हा विचार त्याआधीच आला होता. 2010 साली केंद्रानं इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना निवडक जिल्ह्यांत सुरू केली. महाराष्ट्रातले भंडारा आणि अमरावती हे त्यात होते. चार हजार रुपये, तीन हप्त्यांत. शेवटचा हप्ता बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर मिळायचा आणि त्याला जोडलेल्या अटींपैकी एक अशी, की सहा महिने बाळाला नुसतं आईचं दूध दिलेलं असावं. ते आईनं स्वतःच सांगायचं.

या अटीपाशी मी अडखळते. आपल्या घरांत बाळाच्या जिभेला मध लावतात, पाचव्या दिवसापासून घुटी उगाळतात, उन्हाळ्यात चमचाभर पाणी पाजतात. हे चुकीचं आहे, ते थांबायला हवं आणि ते थांबवण्याचा एकच मार्ग मला दिसतो: बाळंतिणीनं आशाताईला मोकळेपणानं सांगावं की सासूबाई घुटी देतात, काय करू? पण त्या उत्तरावर हजार रुपये अडकलेले असतील, तर कोणती आई खरं सांगेल? मग आशाताई तिची सोबतीण राहत नाही, तपासणीला आलेली बाई होते. आणि जिला खरोखरच दूध येत नाही, जिचं बाळ कमी वजनाचं जन्मून काचेच्या पेटीत गेलं, तिच्या दुःखाला वर 'अपात्र' असा शिक्काही बसतो. तिनं काय गुन्हा केला?

2017 मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ही अट राहिली नाही, हे मला बरं वाटतं. तिथे पैसे बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणून दिले जातात. दृष्टी बरोबर आहे. रक्कम मात्र बरोबर नाही. पहिल्या बाळाला पाच हजार, म्हणजे पाजण्याच्या सहा महिन्यांवर पसरले तर दिवसाला अठ्ठावीस रुपयेही होत नाहीत. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तर सहा हजारांपेक्षा कमी नको असं लिहिलेलं आहे. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा हजार मिळतात आणि मुलगा झाला तर काहीच नाही. त्या मुलाच्या आईचं दूध काय फुकट तयार होतं?

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला. आज एसटी स्टँडवरच्या पाजण्याच्या खोलीला आपण 'हिरकणी कक्ष' म्हणतो. मला या गोष्टीत आता साडीचोळीपेक्षा तो बंद दरवाजा जास्त दिसतो. साडीचोळी मिळेल म्हणून कोणी कडा उतरत नाही. बाळाकडे जायची ओढ तिच्यात होतीच, वाट तेवढी नव्हती.

फडातल्या त्या बाईलाही कोणी ओढ लावायची गरज नाही. सहा महिने पाणीसुद्धा द्यायचं नाही, हे तिला गावाकडच्या आशाताईंनी सांगितलेलं पाठ होतं. पण फड लांब पडला की लेकरू कोपीवर सात वर्षांच्या बहिणीपाशी राहतं, आणि ते रडलं की ती पोर त्याला साखरेचं पाणी पाजते. आईनं कोपीवर थांबायचं म्हटलं तर खाडा पडतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांच्या नावावर आगाऊ घेतलेली उचल. खाड्याचे पैसे त्या उचलीत चढतात. म्हणजे पाजल्याबद्दल तिला आपण काही द्यायचं राहिलं बाजूला, उलट तिच्याकडूनच वसूल करतो आहोत. मातृत्व लाभाच्या कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामावर दोनदा पाजायची सुट्टी आहे. फडात तो कायदा पोचत नाही, कारण तिचा मालक कोण, याचं उत्तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवून देतो.

आपल्या या भागात साखरेनं घरं बांधली, शाळा बांधल्या, लेकी शिकवल्या. माझं शिक्षणही उसाच्या बिलावर झालं. म्हणून हे मी परक्यासारखं लिहीत नाही. आपण कारखान्याचे सभासद आहोत, वार्षिक सभेत उठून बोलण्याचा आपल्याला हक्क आहे. लेकुरवाळीचा खाडा धरायचा नाही, एवढा ठराव मांडता येईल. फडाजवळ एक ताडपत्री, पिण्याच्या पाण्याचा पिंप आणि लेकरं सांभाळायला टोळीतलीच एखादी म्हातारी, तिला रोजची हजेरी देऊन. दिवसभरात ती बाई पाच वेळा पाजत असेल तर दहा मोळ्या होतात. काट्यावर टनाचा किलोपर्यंत हिशेब ठेवणाऱ्या कारखान्यानं या दहा मोळ्या तिच्या नावावर धराव्यात.

मी निघाले तेव्हा लेकरू पिताना झोपलं होतं. तिनं त्याला झोळीत ठेवलं आणि उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून लुगड्याच्या काठाला दोन काटे टोचले. मोळीवर मोळी ट्रॉलीत चढत होती. मुकादमानं हाक मारली, तशी ती कोयता उचलून पुन्हा सरीत शिरली.