कादंबरी म्हणजे पोथी नव्हे

गुरुचरित्राचा सप्ताह मांडला की तो पुरा करायचा. मध्येच खंड पडला तर घरातली थोरली माणसे बेचैन होतात. जतसारख्या तालुक्याच्या गावी अनेकांवर वाचनाचा पहिला संस्कार हाच झाला आणि तोच दंडक आपण नकळत कादंबरीलाही लावला. म्हणून पीटर होएग या डॅनिश लेखकाची ‘मिस स्मिलाज फीलिंग फॉर स्नो’ मी अर्ध्यावर मिटली, तेव्हा पुस्तक देणाऱ्या मित्राला तो जवळजवळ अधर्म वाटला.

१९९२ सालच्या या कादंबरीची सुरुवात मात्र अशी, की हेवा वाटावा. कोपनहेगनमध्ये ग्रीनलँडचा एक लहान मुलगा छतावरून पडून मरतो. खेळताना पडला, असे म्हणून पोलीस मोकळे होतात. शेजारची स्मिला छतावरच्या बर्फातली पावले पाहते आणि तिला ते पटत नाही, कारण मुलाला उंचीची भीती होती. पावले वाचण्याची ही विद्या आपल्या मुलखाला परकी नाही. गावचा रामोशी चोराचा माग काढी. माग शेजारच्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावाची. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पद्धतीची नोंद केली आहे.

स्मिलाची आई ग्रीनलँडची, शिकार करणारी. बाप श्रीमंत डॅनिश डॉक्टर. १९५३ पर्यंत ग्रीनलँड ही डेन्मार्कची वसाहत होती, आणि त्याचा राग स्मिलाच्या प्रत्येक वाक्यात धुमसतो. जत तालुक्यात उमदी-संखकडे घरात कन्नड आणि कचेरीत मराठी बोलणाऱ्याला तिचा तो ताठा समजावून सांगावा लागणार नाही.

मग बिनसते कुठे? ‘शहर’, ‘समुद्र’, ‘बर्फ’ असे तीन भाग आहेत. समुद्र लागला की छतावरचे पोर मागे पडते आणि जहाज, मारामाऱ्या, कंपनीची कारस्थाने यांची गर्दी होते. रामोशी माग सोडत नसे. इथे लेखकच सोडतो. संथपणाची माझी तक्रार नाही. श्योवाल आणि वालू या स्वीडिश जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतला तपासही महिनोन्महिने रखडतो, पण मेलेले माणूस नजरेआड होत नाही. (आमच्या बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा अर्ध्यावर सोडायला सवडच नसे; एस.टी. सांगलीला पोचेपर्यंत ती संपलेली असायची.)

रहस्यकथा सोडणे जास्त अवघड, हे खरे. प्रेमकथा सोडली तर लग्न हुकते. इथे खुनीच हातचा जातो. पण मित्राने चिडून शेवट सांगून टाकला, बर्फातली उल्का आणि त्यापुढचे सगळे, तेव्हा मला ना धक्का बसला, ना हळहळ वाटली. मी ‘बरं’ म्हणालो. उलगडा ऐकूनही चुकल्यासारखे वाटत नसेल, तर ते कोडे लेखकाच्या हातून केव्हाच निसटलेले असते. डॅनियल पेनॅक या फ्रेंच लेखकाने त्याच १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची यादी केली. पुस्तक पुरे न करण्याचा हक्क तीत तिसरा आहे. मी तो आणखी वर नेला असता.

तरीही स्मिला तुमच्या वाचनालयात असेल तर जरूर आणा. ‘शहर’ हा भाग सावकाश, चवीने वाचा आणि जहाज सुटण्याआधी खुशाल उतरा.